जुन्या घड्याळांचे लिलाव: फोटो काय दाखवतो, काय झाकतो

लंबक

नमस्कार मंडळी,

जुन्या मनगटी घड्याळांचे ऑनलाइन लिलाव आता आपल्याकडचेही बरेच जण बघतात, काही जण बोलीही लावतात. घड्याळ हातात येतं ते पैसे भरल्यावर. त्याआधी आपल्यापाशी असतात ते फोटो आणि चार ओळींचं वर्णन. तरीही हे फोटो वाचायचे कसे, आणि विकायची वेळ आली तर काढायचे कसे, यावर मराठीत फारसं काही सापडत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या घड्याळाचा फोटो देखणा असला म्हणजे चांगला असतोच असं नाही. मूळचं काय, बदललेलं काय, झिजलेलं कुठे, हे घेणाऱ्याला ज्यावरून ठरवता येतं तो चांगला फोटो. शंका उरली की घेणारा हात आखडता घेतो आणि शंका फिटली की तोच माणूस दोन पायऱ्या वर चढतो.

जिनिव्हातल्या लिलाववाल्यांना मांडणीची ताकद फार आधी कळली होती. ऑस्वाल्दो पात्रिझ्झी यांनी १९७४ मध्ये अँटिकोरम हे लिलावगृह सुरू केलं आणि १९८९ मध्ये फक्त पाटेक फिलिपच्या घड्याळांचा लिलाव भरवला. पाटेकचं कॅलिबर ८९ हे घड्याळ त्याच लिलावात जवळपास ५० लाख स्विस फ्रँकला गेलं. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीज ह्या लिलावगृहानं जिनिव्हातच एक लिलाव केला, त्यात ५० रोलेक्स होती आणि सगळी डेटोना ह्या एकाच मॉडेलची. एकाच जातीची पन्नास घड्याळं शेजारी-शेजारी छापली की वाचणाऱ्याची नजर आपोआप तयार होते. ह्या डायलवरचं अक्षर जाड, त्यावरचं बारीक. ह्याचे लग (पट्टा अडकवायचे कोपरे) धारदार, त्याचे पॉलिश करून गोल झालेले. असा कॅटलॉग नुसता विकत नाही, शिकवतोही. आणि शिकलेला ग्राहक उत्तम नगाला जास्त पैसे मोजायला घाबरत नाही.

हॉलिवूडचे नट मार्लन ब्रँडो यांची रोलेक्स जीएमटी-मास्टर आठवा. 'अपॉकॅलिप्स नाऊ'च्या चित्रीकरणात हे घड्याळ डोळ्यांत भरतं म्हणून ते काढा असं त्यांना सांगण्यात आलं, तर त्यांनी घड्याळ ठेवलं आणि बेझल (काचेभोवतीची कडी) काढून टाकलं. पाठीवर स्वतःचं नाव हातानं कोरलं होतं. बाजारभावानं पाहिलं तर हे मोडकं घड्याळ. डिसेंबर २०१९ मध्ये फिलिप्स ह्या लिलावगृहानं न्यूयॉर्कला ते विकायला काढलं तेव्हा नवं बेझल बसवलं नाही, पॉलिश केलं नाही. बेझलविना उघडी पडलेली कड आणि पाठीवरची वेडीवाकडी अक्षरं, ह्याच दोन गोष्टी समोर ठेवल्या. साडेएकोणीस लाख डॉलर आले. तेच घड्याळ नीटनेटकं करून मांडलं असतं तर ते हजारो जीएमटींपैकी एक ठरलं असतं.

आता उलट बाजू. नोव्हेंबर २०२१, जिनिव्हा, पुन्हा फिलिप्स. ओमेगा स्पीडमास्टर सीके २९१५-१, १९५७ सालचं, म्हणजे स्पीडमास्टरची अगदी पहिली पिढी. स्टीलचं बेझल, बाणाच्या टोकासारखा तास काटा आणि मूळची काळी डायल उन्हापावसानं पिकून एकसारखी तपकिरी झालेली. अशा डायलला संग्राहक 'ट्रॉपिकल' म्हणतात. अंदाज ८०,००० ते १,२०,००० फ्रँकचा, ते गेलं ३१ लाखांच्या वर. त्या डायलचे फोटो तेव्हा घड्याळांच्या सगळ्या साइटवर फिरत होते. २०२३ मध्ये खुद्द ओमेगाने सांगितलं की हे घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं आहे, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. आपल्याला ह्याची कल्पना नव्हती असं लिलावगृहाचं म्हणणं.

इतका सुंदर रंग समोर आला की नजर तिथेच खिळते. काटे डायलइतकेच पिकलेत का, ल्युमची (अंधारात चमकणाऱ्या रंगाची) छटा जुळते का, हे प्रश्न विचारायचं भान राहत नाही. उत्तम फोटो असूनही फसगत होऊ शकते ती अशी.

आपल्या घरचं उदाहरण घ्यायचं तर 'मुंबई स्पेशल'. परदेशातल्या संग्राहकांनी हे नाव मुंबईहून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या रंगवलेल्या घड्याळांना दिलं. एचएमटी पायलट, फाव्र-ल्युबा, सेको ५ यांची मशीनं जुनीच, पण डायल खरवडून नव्यानं छापलेली. भगवी, पोपटी, गडद निळी. मूळ कंपनीनं कधीच न काढलेले रंग! फोटोही त्याच थाटाचे: रंग भडक केलेले, घड्याळ तिरकं धरलेलं, आकार लहान. त्या लहान आकारात छपाईची जाडी दिसत नाही, आणि पाहणाऱ्याला दिसू नये ती नेमकी तीच.

विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा.

---

टिकटिक

धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली. पण स्पीडमास्टरच्या बाबतीत फोटोला जास्त श्रेय दिलंय असं वाटतं. ३१ लाख फ्रँकपर्यंत किंमत चढली कारण शेवटपर्यंत भिडणारे होते, आणि घेणारी खुद्द ओमेगाच होती. संग्रहालयासाठी हे हवंच असं आतल्या माणसानं वरिष्ठांना पटवलं असं कंपनीनंच नंतर सांगितलं. फोटो फिका असता तरी ते घड्याळ त्यांनी घेतलंच असतं.

नट पॉल न्यूमनच्या डेटोनाचंही तसंच. ऑक्टोबर २०१७ मध्ये एक कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. टेलिफोनवरून पहिलीच बोली एक कोटीची आली. तिथे डायलचा फोटो कोण बघत बसलं होतं? 'ड्राइव्ह केअरफुली मी' हे जोअ‍ॅन वुडवर्ड, म्हणजे न्यूमनच्या पत्नी, यांनी मागच्या झाकणावर कोरून दिलेले शब्द आणि न्यूमनच्या मनगटावर तेच घड्याळ असलेले जुने फोटो, विकले गेले ते हे.

---

लंबक

@टिकटिक, स्पीडमास्टरबद्दल तुमचा मुद्दा मान्य. अंतिम आकडा फोटोमुळे आला असं म्हणता येणार नाही. पण अंदाजाच्या पंचवीस पटीहून वर ते गेलं तेव्हा बऱ्याच जाणकारांना त्यात काही खटकलं नाही, उलट "अशी डायल पाहिली नव्हती" असं कौतुक झालं. मला बोलायचंय ते ह्या कौतुकाबद्दल.

न्यूमनच्या बाबतीत तर तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. मनगटावर घड्याळ असलेला जुना फोटो हासुद्धा मांडणीचाच भाग. तो पुरावा आहे. आपल्या आजोबांच्या घड्याळासोबत त्यांचा ते घातलेला फोटो असेल तर तो नक्की जोडावा, त्यानं फरक पडतो.

---

खिडकीपाशी

माझं काम दागिने आणि छोट्या वस्तूंच्या फोटोग्राफीचं, त्यात घड्याळंही येतात. काही व्यवहारातल्या गोष्टी लिहिते.

जुन्या घड्याळांची काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते, फुगीर. तिच्यात छत, खिडकी, मोबाइल, तुमचा चेहरा, सगळं उमटतं. उपाय स्वस्त आहे. काळ्या कार्डबोर्डला लेन्सएवढं भोक पाडायचं आणि त्यातूनच फोटो काढायचा. काचेत मग कार्डाचा काळेपणा उमटतो आणि डायल स्वच्छ दिसते. पोलरायझिंग फिल्टरनं काचेवरची चमक कमी होते, धातूवरची होत नाही, त्यामुळे स्टीलच्या केसवर (घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर) त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

उजेड उत्तरेच्या खिडकीचा, मध्ये ट्रेसिंग पेपर. ट्यूबलाइट आणि खिडकी एकत्र नको, डायल एका बाजूनं हिरवट आणि दुसऱ्या बाजूनं निळसर येते. शेजारी करडं कार्ड ठेवून एक फोटो काढा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लावा. जुन्या घड्याळात हे फार महत्त्वाचं, कारण क्रीम रंगाची डायल आणि पिवळी पडलेली पांढरी डायल यातला फरक केवळ चुकीच्या व्हाइट बॅलन्सनं पुसला जातो. 'ट्रॉपिकल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी डायल फक्त पिवळ्या बल्बखाली तपकिरी असतात.

मोबाइलनं काढत असाल तर जवळ जाऊ नका. वाइड लेन्स जवळ नेली की बेझल फुगतं आणि लग बारीक दिसतात. मागे सरका, दोन पट झूम लावा. आपोआप होणारी सजावट बंद करा, ती ओरखडे पुसते आणि कडा खोट्या धारदार करते.

आता लंबक म्हणतात त्याबद्दल. मऊ, सगळीकडून येणारा उजेड घड्याळाला तरुण दाखवतो. केसचे ओरखडे बघायचे तर एकाच बाजूनं येणारा, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा तिरका उजेड लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी दोन्ही प्रकारचे फोटो देते. बरेच जण तिरक्या उजेडातले फोटो लिस्टिंगमध्ये टाकत नाहीत.

---

जुन्या_बाजारातला

पुण्यातल्या जुन्या बाजारात आणि ऑनलाइन, दोन्हीकडे घड्याळं विकतो. इथे जे चाललंय ते पुस्तकात बरोबर असेल, पण विकणाऱ्याची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो.

तिरक्या उजेडात ओरखडे दाखवले की साध्या एचएमटी जनताला कोणी हात लावत नाही. माझ्यासमोर तीच वस्तू दुसरा कोणी छान फोटो काढून टाकतो आणि ती जाते. भाजीवाला मेथीवर पाणी मारतो, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. लाखो फ्रँकच्या घड्याळांचे नियम हजार-पंधराशेच्या घड्याळाला लावू नका. लोकांना ते लग्नाच्या वाढदिवसाला बाबांना द्यायचं असतं, संग्रहालयात ठेवायचं नसतं.

आणि मुंबई स्पेशलबद्दल. ज्याला भगव्या डायलचं पायलट हवंय त्याला ते घेऊ द्या की. मशीन खरं आहे, वेळ दाखवतं, कारागिराचं पोट भरतं. डायल नवी आहे हे मी स्वतः लिहितो. न लिहिणारे आहेत, ते चुकीचं, हे मान्य.

---

लंबक

@जुन्या_बाजारातला, मनापासून लिहिलंत. रंगवलेली डायल "रंगवलेली" म्हणून विकली तर माझी काहीच हरकत नाही. त्या कारागिरांचं कसबही खरं आहे.

पण हजार-पंधराशेच्या घड्याळाला नियम लावू नका, हे मला पटत नाही. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये बंगळूरला सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झाला आणि २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. म्हणजे त्या काळातली मूळ डायलची जनता किंवा पायलट आता नव्यानं निर्माण होणार नाही. प्रत्येक वेळी एक डायल खरवडली जाते तेव्हा एक अस्सल नग कायमचा कमी होतो. खरवडण्याचा मोह का होतो? कारण डागाळलेल्या मूळ डायलपेक्षा चकचकीत नवी डायल फोटोत लवकर विकते. म्हणजे ह्या घड्याळांचं नुकसान फोटो करतोय, आणि सगळ्यात जास्त स्वस्त घड्याळांचं. दहा लाखांच्या घड्याळाची डायल खरवडायला कोणी धजत नाही.

देवनागरीत 'जनता' लिहिलेली डायल हातात घेऊन बघा. किंचित पिवळी पडलेली, चारच्या आकड्यापाशी ओलीचा डाग, पण अक्षरांच्या कडा अजून तुटक नाहीत. त्याचा स्पष्ट, मोठा फोटो टाका आणि "डायल मूळची, डागासकट" असं शीर्षकातच लिहा. घेणारे आहेत, आणि ते बाबांच्या वाढदिवसाला घेणाऱ्यांपेक्षा जास्त पैसे देतात.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. इथे बसून भारतातली एचएमटी आणि फाव्र-ल्युबा घेतो, त्यामुळे मी पूर्णपणे फोटोंवर अवलंबून आहे. वरच्या वादात घेणाऱ्याची एक बाजू.

मी फोटो मोठा करतो आणि आधी डायलवरची सर्वांत बारीक अक्षरं वाचतो. पायलटवर 'पॅराशॉक' आणि '१७ ज्युएल्स' ही इंग्रजी अक्षरं. मूळ छपाईत ती बारीक आणि एकसारख्या जाडीची असतात, नव्या छपाईत पोट सुटल्यासारखी फुगतात. मग मिनिटांच्या रेषा. त्या तासांच्या खुणांशी बरोबर जुळायला हव्यात. मग काट्यांचं ल्युम आणि डायलचं ल्युम यांची छटा. काटे पांढरेशुभ्र आणि आकडे मधाच्या रंगाचे असतील तर काहीतरी बदललंय. चौथी गोष्ट बाजूनं काढलेला फोटो. लगच्या कडा गोल झाल्या असतील तर घड्याळावर बफ (पॉलिशचं चाक) फिरलाय, आणि समोरून काढलेल्या फोटोत हे कळत नाही.

आत मशीनचा फोटो नसेल तर मी बोली लावत नाही. विचारल्यावर "झाकण उघडत नाही" असं उत्तर आलं की लिस्टिंग बंद करतो.

@जुन्या_बाजारातला, ओरखडे दाखवणारा विक्रेता एकदा सापडला की मी पुढची कित्येक घड्याळं त्याच्याकडूनच घेतो, घासाघीस न करता. तुमचे तिरक्या उजेडातले फोटो बघायला मला खरंच आवडेल.

---

खिडकीपाशी

हडसनकाठींच्या ल्युमच्या मुद्द्याला जोड. डायलच्या तळाशी स्विस शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी असेल तर ल्युम ट्रिटियमचं. ट्रिटियमची ताकद साधारण बारा वर्षांत निम्मी होते, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातलं ल्युम आता स्वतःहून चमकत नाही. यूव्ही टॉर्च मारली की थोडं उजळतं आणि टॉर्च बंद केल्यावर लवकरच विझतं. नव्यानं भरलेलं ल्युम बराच वेळ चमकत राहतं. हे फोटोत नाही कळत, दहा सेकंदांचा व्हिडिओ लागतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारताना आणि बंद करताना एकाच चित्रफितीत दिसलं पाहिजे.

काट्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. दहा वाजून दहा मिनिटं ही जाहिरातीतली पद्धत बहुतेक घड्याळांना चालते कारण मधलं नाव मोकळं राहतं. पण क्रोनोग्राफमध्ये (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात) काटे छोट्या डायलवर येणार नाहीत अशा ठिकाणी हवेत, आणि तारखेची खिडकी झाकली जायला नको. संशयी ग्राहकाला वाटतं की काट्याखाली डाग लपवलाय, आणि कित्येकदा ते खरं असतं. काटे दोन वेगवेगळ्या जागी ठेवून दोन फोटो काढले की प्रश्नच मिटतो.

---

प्राजक्ता_सांगली

वाचनमात्र होते, पण आता विचारते. सासऱ्यांचं वेस्ट एंड वॉच कंपनीचं घड्याळ आहे, डायलवर 'सोवार प्राइमा' लिहिलंय. चावी दिली की चालतं. काच पिवळट आणि आतून धुरकट, डायलवर बारीक ठिपके. विकायचं नक्की नाही, पण किंमत कळावी म्हणून एका लिलाव साइटला फोटो पाठवायचेत. गावातले घड्याळजी म्हणतात, डायल धुऊन, केस बफ करून देतो, मग फोटो काढा. करू का?

---

हडसनकाठी

डायल धुऊ नका! जुन्या डायलवरची छपाई वरच्या पातळ लाखेवर टिकलेली असते, ओलं कापड लागलं की अक्षरं निघून येतात. एकदा नाव गेलं की पुन्हा छापण्यावाचून इलाज नाही आणि किंमत तिथेच संपली.

---

जुन्या_बाजारातला

ताई, इथे माझंही तेच मत. सोवार प्राइमाला विचारणारे आहेत. काही जुन्या वेस्ट एंड डायलवर 'बॉम्बे' आणि 'कलकत्ता' छापलेलं असतं, तसं तुमच्यावर असेल तर ते अक्षर स्पष्ट दिसेल असा फोटो हवाच. केस बफ करू नका, मऊ कोरड्या कापडानं पुसा आणि बस्स. काच मात्र बदलून घ्या, ती स्वस्तात होते आणि त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण जुनी काच टाकू नका, पाकिटात घालून घड्याळासोबत ठेवा. घड्याळजींना सांगा की काच काढल्यावर डायलला हात लावायचा नाही, फुंकणीनं धूळ उडवायची.

आणि काच काढलेली असतानाच डायलचे फोटो काढून घ्या. चमकेची भानगड नाही, ठिपका खरंच डायलवर आहे की काचेवर, तेही कळतं. मी स्वतः हे करतो, भाव चांगला येतो.

---

खिडकीपाशी

काच काढून फोटो, हे मला सुचलं नव्हतं. फार उपयोगाचं आहे.

@प्राजक्ता_सांगली, तुमच्यासाठी फोटोंची यादी: डायल समोरून, काचेसह आणि काचेविना. दोन्ही बाजू. किल्ली जवळून. मागचं झाकण बाहेरून, आणि आतूनही. आतल्या बाजूला जुन्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या बारीक खुणा कोरलेल्या असतात, त्या घासू नका. मशीन जवळून, त्यावरचं नाव वाचता येईल इतकं. पट्टा काढून लगच्या मधली जागा. पट्टा जुना असेल तर तो वेगळा दाखवा. पांढऱ्या कापडापेक्षा करडं बरं, पांढऱ्यावर मोबाइल डायल काळपट करतो.

---

लंबक

आणि एक, प्राजक्ताताई. वर्णनात "दुर्मीळ", "अप्रतिम स्थिती" असलं काही लिहू नका. सासऱ्यांनी ते कुठून, साधारण कोणत्या साली घेतलं, कोणी वापरलं, शेवटची सर्व्हिस कधी झाली आणि काच नवी आहे, एवढं लिहा. घरात पावती किंवा डबी सापडली तर तिचा फोटो. ठिपक्यांचा एक जवळचा फोटो वेगळा, आणि खाली लिहा: "डायलवर ठिपके आहेत, छपाई शाबूत." साइटवर टाकण्याआधी इथे चढवलेत तर आम्ही सगळे बघू.

---

प्राजक्ता_सांगली

सगळ्यांचे आभार. घड्याळजींना फोन करून धुणं आणि बफ दोन्ही थांबवलं. आता भिंगातून पाहिलं तर नावाखाली अगदी बारीक 'बॉम्बे' दिसतंय. रविवारी काच काढायला जाणार आहे, करडं कापड आणि काळं कार्ड घेऊन.